गुरुदासाचं खरं वय

बाबलीच्या बारात बोर्ड लागला तो दोन हजार सहा सालच्या नोव्हेंबरात, भात झोडून झालं त्या सुमाराला. त्याआधी पंधरा वर्षं त्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्यामागे एक पाल. कुठे तरी एक्साइजवाल्यांनी कुणाला तरी पकडलं, दंड ठोकला, आणि आमचा बाबली असा काही घाबरला की त्यानं सावंतवाडीहून रंगारी आणला आणि लाल अक्षरांत लिहून घेतलं: एकवीस वर्षांखालील व्यक्तीस बिअर व पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस इतर मद्य मिळणार नाही, वयाचा दाखला सोबत आणावा. आम्ही रेडीकर पोट धरधरून हसलो. अहो, गोव्याची हद्द इथून हाकेवर, तिथे अठरा भरली की बाटली हातात. पण खाणीतून बंदरावर माल टाकणारे डंपरवाले काही गाडी घेऊन नाक्यापलीकडे जाऊ शकत नव्हते. त्यांना तिठ्यावरचा बाबलीच बरा पडायचा.

एक बाई मात्र हसली नाही. तिला तो बोर्ड म्हणजे देवाचा कौलच वाटला.

सत्यवतीला ही बातमी हौसाबाईनं दिली. दोघी जणी किनाऱ्यावरच्या लिलावात मासे घ्यायच्या आणि टोपलं डोक्यावर घेऊन वाडीवाडीत विकत फिरायच्या. वीस वर्षं जोडीनं. पुढे हौसाबाई, मागे सत्यवती, हा क्रमसुद्धा कधी बदलला नव्हता.

"आयकलंस गो? बाबल्यान बोर्ड लावल्यान. एकवीस पुरी नाय झाली तर बिअर देवचो नाय."

सत्यवती रस्त्यात थांबली. "कोणी सांगल्यान तसा?"

"सरकारान."

"सरकारान?" ती हसली. नवरा गेल्यापासून असं मोकळं हसू कुणी बघितलं नव्हतं तिचं. "गे बाय माझे! माजो गुरू एकोणीसचो आसा गो. येत्या शिमग्याक वीस पुरी होतली."

"अगो, पण तो आयकतलो काय?"

"तो कशाक आयकता? बाबली आयकतलो. बाबल्याक दंडाचो भय आसा."

तिचा नवरा दाजी खलाशी होता. होडीवर असा माणूस नाही आणि जमिनीवर असा दारुडा नाही, असं आम्ही म्हणायचो. सहा वर्षांमागे एका सकाळी तो खाडीकाठच्या खाजणात कमरेएवढ्या पाण्यात पालथा मिळाला. वादळात समुद्र पोहून आलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यात मेला. तेव्हापासून सत्यवती मुलाचं तोंड हुंगत जगत होती. गुरुदासाला डंपरवर नोकरी लागून चार महिने झाले होते, आणि दोन महिने तो बडीशेप खाऊन घरी येत होता. बडीशेप का खातो, हे न कळायला ती काल जन्मली नव्हती.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला ती टोपलं घेऊन थेट बाबलीच्या बारात शिरली. बाहेर डंपरांची रांग, सगळीकडे लाल धूळ. आत सात-आठ ड्रायव्हर आणि कोपऱ्यातल्या टेबलावर गुरुदास, पुढ्यात बाटली. बाईमाणूस आत आलेलं बघून सगळ्यांच्या माना वळल्या. तिनं टोपलं धाडकन काउंटरवर ठेवलं. बांगड्यांचं पाणी बाबलीच्या वहीवर ओघळलं.

"बाबली, ह्येका देव नको."

"कोणाक?"

"माज्या झिलाक. एकोणीस वर्साचो आसा तो. तुज्या बोर्डार काय लिवलला आसा?"

गुरुदासाचे कान लाल झाले. "आये, तू घराक जा."

"तू वगी रव. मी बाबल्याकडे उलयतंय."

बाबली वही पुसत म्हणाला, "कागद हाड गो बाये. तोंडी वय चलना नाय. एक्साइजवालो इलो तर मी तेका काय सांगू, सत्यवतीन सांगल्यान म्हणान?"

"हाडतंय. आत्ता हाडतंय."

उन्हातून ती तीन मैल घरी गेली. ट्रंकेच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शाळा सोडल्याचा दाखला होता, तो काढला. तिला वाचता येत नव्हतं. शिक्का बघितला की तिला पुरे. पुन्हा तीन मैल परत. मासे तेवढ्यात मऊ पडले, पण त्या दिवशी तिला माशांची पर्वा नव्हती. गुरुदास एक फेरी टाकून दुसऱ्या बाटलीला येऊन बसला होता.

बाबलीनं चष्मा लावला. मोठ्यानं वाचलं. "जन्मतारीख, एक जून एकोणीसशे पंच्याऐंशी. अक्षरी पण लिवलला आसा." मग बोटं मोजली. "एकवीस पुरी होवन पाच म्हयने झाले गो."

"काय उलयतंस? परत वाच."

त्यानं परत वाचलं. कागद तोच, तारीख तीच. एका ड्रायव्हरनं बाटली वर केली. "मावशे, हॅप्पी बड्डे!" सगळा बार खदखदला. गुरुदासही हसला, खाली मान घालून, पण हसला. बाबली तेवढा नाही हसला. कागद पुन्हा नीट पिशवीत घालून त्यानं तिच्या हातात दिला. "तुजोच कागद गो. मी काय करू?"

ती बाहेर पडली आणि तिठ्यावरच्या वडाखाली मटकन बसली. एक जून. तिला सगळं आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा तिनं ते कधीच विसरलेलं नव्हतं. फक्त ते कागदावर जाऊन बसलंय हे तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

एक्क्याण्णव साल. गुरू सव्वाचार वर्षांचा. दाजी समुद्रावर नाही तर गुत्त्यावर. कडेवर पोर आणि डोक्यावर टोपलं, असं दोन-दोन मैल चालून तिची कंबर मोडायला आली होती. पोराला सोडायचं कुठे? शाळेत. शाळेत तेव्हा गंगाराम गुरुजी होते, आणि त्यांनाही पोरं कमीच पडत होती. पट भरला नाही तर एक मास्तर जाणार होता. तेव्हा आमच्याकडे वय तपासायची एकच रीत. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. धरता आला तर पोर सहा वर्षांचं. गुरूचा हात टाळूपर्यंत पोचला आणि थांबला.

"सहा पुरी मा गो?" गुरुजींनी विचारलं, खिडकीबाहेर बघत.

सत्यवतीनं पोराची मान वाकडी केली, त्याची बोटं धरली आणि ओढून कानाला लावली. पोर कळवळून रडलं. "पुरी," ती म्हणाली. गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनलाच येतो.

दुसऱ्या दिवशी ती आरोंद्याला गेली. गंगाराम गुरुजी निवृत्त होऊन तिथे राहत होते, खाडीच्या काठाला. पडवीत बसून सुपारी सोलत होते. तिनं दाखला पुढे केला. गुरुजींनी हातात घेतला नाही, नुसता लांबूनच बघितला.

"ता अक्षर माजा आसा, सत्यवती. पण सांगणा तुजा."

"तुमका पट भरूचो होतो."

"होतो." त्यांनी सोललेली सुपारी बाजूला टाकली. "पण आता मी काय लिवन देवचंय नाय. माजा पेन्शन आसा. म्हातारपणी कोर्टकचेरी माका झेपाची नाय."

"गुरुजी, तेचो बापूस कसो मेलो ता तुमका ठावक आसा. माका दीड वरीस होया. खरी एकवीस होयसर. तितक्यात तेचा लगीन करून टाकतंय, तो जाग्यार येतलो."

गुरुजींची बायको पाणी आणि गूळ ठेवून गेली. गुरुजींनी अडकित्ता खाली ठेवला. "दाजीन पंचायतीत नोंद केलली आसा. माका बरा आठवता. पोराच्या पाचवीच्या दुसऱ्या दिवशी तो पंचायतीत इललो, न पिता. माका पेढो दिल्यान. थंय जा तू. माजा नाव घेव नको."

तिनं गूळ खाल्ला नाही. पदराला बांधला आणि मिळाली ती एसटी धरली.

पंचायतीत ग्रामसेवक नवा होता, कोल्हापूरकडचा. सत्यवती तिथे शुद्ध बोलायला लागली. कचेरीत पाऊल टाकलं की आमची सगळ्यांची जीभ तशी वळते.

"माझ्या मुलाचा दाखला हवा होता, साहेब. जन्माचा."

त्यानं जुनं रजिस्टर काढलं. पानं कसरीनं खाल्लेली. मार्च एकोणीसशे सत्त्याऐंशी. होळीचा दिवस. मुलगा. माहिती देणाऱ्याची सही. ग्रामसेवकानं रजिस्टर तिच्याकडे वळवलं. दाजीची सही होती, मोठ्या मोठ्या अक्षरांत, एकही रेघ हललेली नाही. सत्यवतीनं त्या सहीवर बोट ठेवलं.

"मुलगा काय करतो?"

"डंपर चालवतो, साहेब. बंदरावर."

ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. "आणि शाळेच्या दाखल्यावर?"

"वेगळं आहे. पावणेदोन वर्षांनी मोठा आहे."

"मग लायसन त्यावरच काढलं असणार. बाई, मोठ्या गाडीचं लायसन वीस पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. हा दाखला तुम्ही कुठे दाखवलात, तर ते लायसन जाईल. दाखला देतो मी, तो तुमचा हक्क आहे. पण घरी विचार करा."

दाखला घेऊन ती घरी आली आणि गुरुदास जेवायला बसल्यावर त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं वाचला. घास हातातच राहिला.

"ह्या कित्याक हाडलंस?"

"बाबल्याक दाखवूक."

"बाबल्याक? आये, तुका काय कळता काय? बाबल्याक दाखवलंस काय दोन दिवसांत ठेकेदाराक कळतला. माजा लायसन जातला. मगे काय करू मी? बापाशीसारखो खलाशी जाव?"

"बापाशीसारखो नको, म्हणानच ह्या सगळा."

"मी बापूस न्हय!" त्यानं ताट ढकललं. मग आवाज खाली आणला. "दोनच घेतंय मी. जेवच्या आधी. ती धूळ घशाक बसता गो, तुका नाय कळाचा. दोनच. शपथ."

आईचं काळीज, शपथेला भुललं. नाही तरी काय करणार? तिनंच त्याला मोठं केलं होतं, आणि त्या मोठेपणावर घर चालायला लागलं होतं. तिनं दाखला तांदळाच्या डब्यात तांदळाखाली खुपसला. पण रोज तांदूळ काढायला डबा उघडावाच लागे. चार दिवस तिच्या पायाला भिंगरी लागली. अंगण दोनदा झाडायची, भांडी दोनदा घासायची, लिलावात बोली लावायची विसरायची. हौसाबाई वैतागली. "अगो, भूत लागला काय तुका? उबी रव मरे एका जाग्यार."

सोमवारी त्या दोघी तिठ्याकडून वर निघाल्या. अकरा वाजले असतील. वळणावर रस्ता अरुंद, एका अंगाला गटार. पुढे हौसाबाई, मागे सत्यवती. समोरून भरलेला डंपर उतरत होता, आणि त्याच वेळी मागून रिकामा डंपर चढणीला लागला. त्यानं थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. डावी चाकं रस्त्याखाली घालून तो घुसला. सत्यवतीला मागून आवाज आला, गरम वारा आला, आणि डोक्यावरचं टोपलं कुणीतरी हिसकावल्यासारखं गेलं. ती गुडघ्यावर पडली. पुढे हौसाबाईनं वळून बघितलं, किंचाळली आणि गटारात उडी टाकली.

डंपर पुढे गेला. त्याच्या आरशाला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. दसऱ्याला सत्यवतीनंच आपलं जुनं लुगडं फाडून ती बांधली होती, दृष्ट लागू नये म्हणून. त्याच आरशात तिला त्याचं तोंड दिसलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठावर गाणं. त्यानं खाली बघितलंच नाही.

बांगडे रस्ताभर पसरले होते, दुसऱ्या डंपरच्या चाकांखाली चिरडले होते. हौसाबाई गटारात बसली होती आणि तिचा उजवा हात कोपराखाली भलतीकडे वळलेला होता.

"नंबर बगलंस?" ती कण्हत म्हणाली. "मेल्याचो नंबर बगलंस गो?"

सत्यवतीनं तिच्या पाठीखाली हात घातला. "धूळ होती गो," ती म्हणाली.

वीस वर्षांची जोडीदारीण. तिच्याशी ती खोटं बोलली, आणि बोलतानाच तिला स्वतःची किळस आली. शिरोड्याच्या दवाखान्यात हौसाबाईच्या हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाला, तीन महिने उचलायचं काही नाही. हौसाबाईच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

दिवेलागणीला गुरुदास घरी आला तो खुशीत. बडीशेपेचा वास, पण बडीशेपेच्या खाली दुसरा. पाटावर बसता बसता सांगायला लागला. "आज काय गजाल झाली, आये. तिठ्याच्या वळणार एका बायचा टोपला उडवलंय. नुसता टोपला हां! बाय वाचली. मासे असे उडाले वर," आणि त्यानं हात उडवून दाखवला, आणि हसला.

सत्यवती आमटी वाढत होती. पळी भांड्यातच राहिली. "थांबलंस?"

"थांबलंय तर फेरी चुकतली."

"कोण होती ती बाय?"

"कोण जाणा," तो भाताचा घास करत म्हणाला. "धूळ होती."

तिनं आमटी वाढली. त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. टोपलं मागच्या पडवीत पालथं होतं, एका बाजूनं चेपलेलं, आणि चेपलेल्या जागी पिवळा रंग लागलेला. तिनं ते त्याला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तो रडला असता, पाया पडला असता, दोन दिवस प्याला नसता. दाजीही दोन-दोन दिवस पीत नसे. ते तिला पाठ होतं.

मंगळवारी सकाळी तिनं तांदळात हात घातला.

ठेकेदाराचं ऑफिस म्हणजे बंदराजवळ एक पत्र्याची शेड. आत पंखा, टेबल आणि तिच्या मुलापेक्षा थोडाच मोठा असा एक सुपरवायझर. तिनं दाखला टेबलावर ठेवला, तांदळाचे दोन दाणे त्याच्याबरोबर पडले.

"माझ्या मुलाचं वय खोटं आहे, साहेब. गुरुदास. हिरवी चिंधी आहे त्या गाडीवर तो. हे खरं वय. वीस नाही झाली अजून."

सुपरवायझरनं वाचलं आणि तो उभाच राहिला. "म्हणजे चार महिने आम्ही बिनालायसनचा माणूस ठेवलाय? उद्या कुणाला ठोकलं तर इन्शुरन्स मिळणार नाही, सगळं आमच्या गळ्याशी!" मग त्यानं तिच्याकडे बघितलं, जरा वेगळ्या नजरेनं. "शाळेत खोटं वय कुणी सांगितलं?"

"मी."

"आणि आता खरं कोण सांगतंय?"

"मीच."

"मावशी, कोण आई असं करते? स्वतःच्या पोराच्या पोटावर पाय देताय तुम्ही."

"देते," ती म्हणाली. "लिहून घ्या. कुठे अंगठा लावू?"

दुपारपर्यंत लायसन सुपरवायझरच्या खणात गेलं आणि हिरव्या चिंधीच्या गाडीवर मळगावचा एक मध्यमवयीन ड्रायव्हर बसला. बातमी बाबलीला कळली. सत्यवती तिठ्यावरून जाताना तो धावत बाहेर आला. "गो, तो कागद माका पण दाखव. आता मी तेका थेंब देवचंय नाय. बोर्डच आसा माजो!"

"तुजो बोर्ड तुज्याकडे ठेव, बाबली," ती न थांबता म्हणाली. "माका तेचा काम नाय आता."

गुरुदास त्या दिवशी घरी आरडाओरडा करेल, भांडी फेकेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यानं पिशवी भरली. दोन शर्ट, एक टॉवेल, दाढीचं सामान. शेजारच्या चार बाया कुंपणाला टेकून ऐकत होत्या आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "गावात हसतत माका. आवशीन नोकरी घालयल्यान म्हणतत. उद्या आरोंद्याहून पलीकडे गोव्यात जातंय. मालाच्या बार्जार खलाशी होयो म्हणालो एकजण. तू मेलंस तरी येवचंय नाय."

बायांपैकी एकीनं "शिरा पडो तुज्या तोंडार" म्हणून त्याला सुनावलं. सत्यवती उठून मागच्या पडवीत गेली.

सकाळच्या एसटीत तो मागच्या बाकावर बसला. सत्यवती पुढच्या दारानं चढली आणि ड्रायव्हरच्या मागे बसली, टोपलं मांडीवर. लिलावातले बांगडे तिनं अंधार फिटायच्या आत उचलले होते. शिरोड्याला तो उतरला नाही, तीही उतरली नाही. आरोंद्याला दोघं उतरले. तो धक्क्याकडे चालायला लागला आणि ती पंधरा पावलं मागून.

होडी पलीकडून यायची होती. धक्क्यावर तो मागे वळला. "फाटसून इलंस कित्याक?"

"मासे विकूक."

"आरोंद्याक? मासेवाल्यांच्या गावात?" तो कडवटपणे हसला. "हय बग आये. ह्या खाडीच्या पलीकडे अठराक मेळता. तुजो कागद थंय चलाचो नाय."

"ठावक आसा माका." तिनं टोपलं खाली ठेवलं. "पी. थंय जा नि पी. बसान पी, पडान पी, तुजो बापूस पियालो तसो पी. मी आडवून आडवून थकलंय. आता आडवूचंय नाय. पण मोठी गाडी थंय पण वीस पुरी झाल्याशिवाय मेळना नाय. तितक्याच होया होता माका."

"गाडीन तुजा काय केल्यान? मी पितंय म्हणान तू…"

तो बोलता बोलता थांबला. टोपलं खाली होतं, त्याची चेपलेली बाजू त्याच्याकडे होती. पिवळा रंग. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा आणून गाडीच्या हौद्याची कड त्यानं स्वतः रंगवली होती. तो पिवळा रंग त्याच्या ओळखीचा होता. तो वाकला. चेपलेल्या काठावरून त्यानं अंगठा फिरवला.

"ह्येका काय झाला?"

"सोमवारी. तिठ्याच्या वळणार."

होडी मधे दिसायला लागली. कुणीतरी काठावरून हाक मारली. गुरुदास तसाच वाकलेला. "तू होतंस?"

"मी होतंय. फुडे हौसाबाय होती. तिचो हात मोडलो. तीन म्हयने टोपला उचलूची नाय ती."

"तू कोणाक सांगलंस?"

"धूळ होती म्हणान सांगलंय." आणि इतके दिवस धरून ठेवलेलं तिथे सुटलं. ती धक्क्यावर बसून रडली, तोंडात पदर कोंबून, माणसं बघत होती तरी. "हौसाबायक! माज्या हौसाबायक सांगलंय मी तसा! तुज्यासाठी मी दोनदा खोटा बोललंय, झिला. एकदा तू ल्हान होतंस म्हणान, नि एकदा तू मोठो झालंस म्हणान. आता माज्यान होवचा नाय."

होडी लागली. माणसं उतरली. पलीकडून आलेल्या दोन बायांनी बांगडे बघितले, भाव विचारला. सत्यवतीनं डोळे पुसले आणि भाव सांगितला. मासे थांबत नाहीत, काय करणार? तिनं वाटे केले, पानात बांधून दिले. गुरुदास पिशवी पायाशी ठेवून तिच्याकडे पाठ करून बसला होता. होडीवाल्यानं दोन हाका मारल्या, तिसरी मारली नाही, आणि बांबू रोवून होडी ढकलली.

परतीच्या एसटीत तो तिच्या शेजारी बसला नाही, पण मागच्या बाकावरही गेला नाही. दांडा धरून उभा राहिला. रेडीत हौसाबाईच्या वाडीचा थांबा आधी लागतो. गाडी थांबली. तो खाली उतरला आणि खिडकीशी येऊन त्यानं हात पुढे केला.

"टोपला दी."

तिनं खिडकीतून दिलं. गाडी सुटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती बाकावर नुसती बसून राहिली, हात मांडीत घेऊन.

पुढचं आम्हाला हौसाबाईनंच सांगितलं. ती पायरीवर बसली होती, प्लास्टरचा हात गळ्यात. दारात गुरुदास उभा राहिलेला बघून तिला वाटलं, आईनं मासे पाठवले.

"काय रे गुरू? रिकामा टोपला घेवन खंय फिरतंस?"

तो अंगणातच खाली बसला. टोपलं त्यानं चेपलेल्या बाजूनं तिच्यापुढे ठेवलं.

"मी होतंय, मावशे," तो म्हणाला. "धूळ नाय होती."